चुंबकाने नाकारलेला तुकडा: गॅडोलिनियमच्या एका बिलाचे प्रकरण

फोंडा तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयाने रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी मूलद्रव्यांचे नमुने मागवले होते. त्यांत सगळ्यांत महाग बाब होती ती गॅडोलिनियम या दुर्मिळ मृदा धातूचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. पार्सल पोचले मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. ३१ तारखेच्या आत बिल पास झाले नाही तर अनुदान परत जाते, हे शाळेत काम केलेल्या कुणाला सांगायला नको. खरेदी समितीची बैठक घाईघाईने लागली आणि बाहेरचा सदस्य म्हणून मलाही बोलावणे आले.

मुंबईच्या पुरवठादाराच्या दरपत्रकात तुकड्यापुढे दोन गोष्टी लिहिल्या होत्या: शुद्धता ९९.९ टक्के, आणि खोलीच्या तापमानाला लोहचुंबकीय, साध्या चुंबकाला चिकटतो. शुद्धता तपासायची सोय शाळेत नाही. चुंबक मात्र कपाटात पडलेले होते. समितीने अर्थातच सोपी बाब आधी धरली. वर्षानुवर्षे कीपर, म्हणजे टोकांना जोडायची लोखंडी पट्टी, न लावता ठेवलेला आणि म्हणून दुबळा झालेला एक पट्टीचुंबक आणला, तुकड्याला टेकवला आणि उचलला. चुंबक वर आला, तुकडा टेबलावरच राहिला. दुपारची वेळ, वरचा पंखा बंद पडलेला, भिंतीवरच्या तापमापकात पारा बत्तिशीवर.

कार्यालयातल्या बाईंनी चलनावर ‘नमुना वर्णनाप्रमाणे नाही’ असा शेरा पेन्सिलीने लिहूनसुद्धा टाकला.

खरी गुंतागुंत यानंतर सुरू झाली. रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी तुकडा दोऱ्याने टांगून हवेत आणि पाण्यात तोलला. घनता आली ७.९ च्या आसपास. गॅडोलिनियमची छापील घनता ७.९०, म्हणजे माल खरा असायला हवा. पण लोखंडाची घनताही ७.८७ आहे, आणि स्वयंपाकघरातल्या भांड्यांचे स्टेनलेस स्टील ७.९ ते ८ च्या दरम्यान भरते. शाळेच्या तराजूवर या तिघांत फरक करता येत नाही. त्यातही स्टेनलेस स्टीलचा हा नेहमीचा प्रकार चुंबकाला चिकटत नाही. चकाकणारा, रुपेरी, ७.९ घनतेचा आणि चुंबकाला दाद न देणारा तुकडा. समितीतल्या एकाने सरळ निदान केले: मुंबईच्या माणसाने आपल्याला चमच्याचा तुकडा विकला.

मग कुणीतरी संगणकाच्या मोडक्या हार्ड डिस्कमधून काढलेला चुंबक आणला. तो निओडिमियमचा, म्हणजे याच दुर्मिळ मृदा घराण्यातला, आणि पट्टीचुंबकाच्या मानाने कितीतरी जोरकस. त्याला मात्र तुकडा झटकन जाऊन चिकटला. लगेच दुसरे निदान तयार: यात लोखंड मिसळले आहे. एकाच तासात तुकड्यावर दोन आरोप झाले, एकात तो चुंबकीय नाही म्हणून खोटा आणि दुसऱ्यात चुंबकीय आहे म्हणून खोटा. दोन्ही आरोप एकाच वेळी खरे असू शकत नाहीत याकडे लक्ष द्यायला मार्चअखेरीला कुणाला सवड?

पुरवठादाराला फोन लावला. त्याने उलट टपाली चलच्चित्र पाठवले. त्याच्या कार्यालयातल्या टेबलावर असाच तुकडा साध्या पट्टीचुंबकाला लोंबकळताना दिसत होता. समितीचे मत पडले की चित्रातला तुकडा वेगळा.

या सगळ्यात प्रयोगशाळा सहायक दोनदा बोलायचा प्रयत्न करून गप्प बसला होता. तिसऱ्यांदा त्याने सांगितले, “सर, सकाळी मी कंप्युटरच्या खोलीत बघितला तेव्हा हाच पट्टीचुंबक याला उचलत होता. खोटं कशाला सांगू?” पार्सल रात्रभर संगणक कक्षातल्या कपाटात ठेवले होते. शाळेतली एसी असलेली ती एकच खोली, आणि एसी कायम १८ वर.

माझ्या मते त्या बैठकीतले सगळ्यांत मोलाचे निरीक्षण हेच होते. तोच तुकडा, तोच चुंबक. बदलली होती फक्त खोली.

विसाच्या आसपासची रेषा

चुंबकाकडे ओढले जाण्याचा जो जोर लोखंडात दिसतो तो कोणत्याही तापमानाला टिकत नाही. धातू तापवत नेला की एका ठरावीक तापमानापलीकडे त्याचे लोहचुंबकत्व संपते आणि तो नुसता समचुंबकीय उरतो, म्हणजे ओढ असते पण क्षीण. प्येर क्युरी यांनी १८९५ मध्ये या बदलाचा पद्धतशीर अभ्यास मांडला, म्हणून त्या मर्यादेला क्युरी तापमान म्हणतात. लोखंडाचे क्युरी तापमान ७७० अंश सेल्सियस आहे, कोबाल्टचे अकराशेच्या वर, निकेलचे साडेतीनशेच्या थोडे पुढे. या तिघांना आपल्या रोजच्या हवेत कधी आपला स्वभाव बदलावा लागत नाही.

गॅडोलिनियमचे क्युरी तापमान सुमारे २० अंश.

पॅरिस किंवा जिनिव्हाच्या प्रयोगशाळेत हा आकडा खोलीचे तापमान म्हणून खपून जातो. फोंड्याला मार्चच्या दुपारी तो बारा अंश खाली असतो. इथे पहाटेचा पारा विसाखाली उतरतो तो डिसेंबर-जानेवारीत, आणि तोही सत्तरी-वाळपईच्या अंगाला अधिक. म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस गोव्याच्या उघड्या हवेत हा धातू रेषेच्या पलीकडेच असतो. संगणक कक्षातल्या १८ अंशांत तो अलीकडे आला आणि जुन्या पट्टीचुंबकाने त्याला उचलले. प्रयोगशाळेत नेल्यावर तो पलीकडे गेला. मुंबईचे कार्यालय गारेगार एसीचे असणार, हे तर्काने कळतेच.

निओडिमियमच्या चुंबकाचे कोडेही इथेच सुटते. रेषेच्या जरा पलीकडे ओढ एकदम शून्य होत नाही, कित्येक पटींनी घटते. दुबळ्या चुंबकाला ती उरलेली ओढ तुकड्याचे वजन पेलायला पुरत नाही, जोरकस चुंबकाला पुरते. लोखंडाची भेसळ असती तर पट्टीचुंबकानेही तुकडा दुपारी उचलला असता.

असा धातू विसालाच का अडतो, हे जरा खोलात जाऊन पाहण्याजोगे आहे. गॅडोलिनियमचा अणुक्रमांक ६४. त्याच्या ४एफ कवचात सात जागा आहेत आणि सातही जागांत एकेक सुटा इलेक्ट्रॉन, सगळ्यांची फिरत एकाच दिशेची. त्यामुळे एकेका अणूचे चुंबकत्व लोखंडाच्या अणूच्या तिपटीहून जास्त भरते. मग एवढा बलवान अणू इतक्या लवकर हार का मानतो? कारण ते सात इलेक्ट्रॉन अणूच्या आत दडलेले असतात, शेजारच्या अणूतल्या आपल्यासारख्यांना ते भिडत नाहीत. लोखंडातले अणू फुगडीतल्या बायकांसारखे थेट हात धरून असतात. गॅडोलिनियममध्ये हात पोचत नाहीत, निरोप्यांमार्फत सूर जुळवावा लागतो. हे निरोपे म्हणजे धातूत मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन. जुळणी होते, पण नाजूक, आणि विसाच्या वरची उष्णता ती विस्कटायला पुरेशी असते. त्याच्या शेजारच्या टर्बियमची जुळणी तर शून्याखाली सुमारे पन्नास अंशांवरच मोडते.

हे लोहचुंबकत्व उशिरा कळले, कारण धातूच उशिरा हाती आला. स्वीडनमध्ये स्टॉकहोमजवळच्या इट्टर्बी खाणीत १७८७ मध्ये कार्ल आक्सेल अऱ्हेनियस या लष्करी अधिकाऱ्याला एक काळे, जड खनिज सापडले. १७९४ मध्ये योहान गॅडोलिन यांनी त्यात नवी ‘मृदा’, म्हणजे नवे ऑक्साइड असल्याचे दाखवले. त्या एका मृदेतून पुढे शंभरेक वर्षे रसायनशास्त्रज्ञ एकेक मूलद्रव्य वेगळे काढत बसले. जिनिव्हाच्या मारिन्याक यांना १८८० मध्ये आपल्या नव्या ऑक्साइडची ओळख पटली, आणि १८८६ मध्ये फ्रान्सच्या लकॉक द ब्वाबोद्राँ यांनी ते वेगळे काढून त्याला गॅडोलिनियम नाव दिले. नाव आले ते गॅडोलिनाइट या खनिजावरून, आणि त्या खनिजात गॅडोलिनियम असते ते नावापुरतेच! (याच ब्वाबोद्राँ यांनी १८७५ मध्ये गॅलियम शोधले होते. ते २९.८ अंशांना वितळते, म्हणजे गोव्याच्या उन्हाळ्यात बाटलीत पाण्यासारखे हेलकावते. या गृहस्थांच्या दोन्ही धातूंना आपली हवा मानवत नाही.)

१८८६ मध्ये हातात होते ते ऑक्साइड आणि वर्णपटातल्या रेषा. चांगल्यापैकी शुद्ध धातू मिळायला १९३५ उजाडले. त्याच वर्षी उर्बैं, वाइस आणि त्राँब या फ्रेंच संशोधकांनी जाहीर केले की लोखंड, कोबाल्ट आणि निकेल यांच्या पंगतीला बसणारे चौथे लोहचुंबकीय मूलद्रव्य हे आहे. तेव्हापासून कोष्टकांत ‘लोहचुंबकीय’ हा शब्द आला. कोष्टकातला तापमानाचा आकडा पुरवठादाराच्या दरपत्रकापर्यंत पोचला नाही, एवढेच.

बर्फ आणि कानस

समितीपुढे मी मांडले ते एवढेच: तुकडा स्टेनलेस स्टीलचा असेल तर तो बर्फातही पट्टीचुंबकाला चिकटणार नाही. लोखंडाचा किंवा लोखंडमिश्रित असेल तर बर्फात चिकटेल आणि कोमट पाण्यातही चिकटेल. गॅडोलिनियम असेल तरच गारव्यात चिकटेल आणि उबेत सुटेल. तीन शक्यता, तीन वेगळी उत्तरे. अशी चाचणी सापडली की मग मतांना जागा उरत नाही.

शाळेच्या फ्रीजमधला बर्फ संपला होता. सहायक मोटारसायकलवर बाजारात गेला आणि मासळीवालीकडून चुऱ्याची एक पिशवी घेऊन आला. तिचा वास प्रयोगशाळेत दोन दिवस टिकला, ती तक्रार निराळी. तुकडा छोट्या प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद केला, कारण हा धातू पाण्यात हळूहळू गंजतो. बीकरात बर्फाचे पाणी घेऊन पाकीट त्यात चांगले पाच-सात मिनिटे बुडवले. घाई करून चालत नाही. गॅडोलिनियम धातू असूनही उष्णता वाहून नेण्यात मंद आहे, वरचा थर गार झाला तरी गाभा तसाच राहतो.

पाकीट पुसून पट्टीचुंबक टेकवला. तुकडा पाकिटासकट उचलला गेला.

चुंबक स्टँडला आडवा बांधून तुकडा तसाच लोंबकळत ठेवला. पाश्चात्त्य वर्गांत हे प्रात्यक्षिक करताना तुकडा सोडवण्यासाठी गरम पाणी किंवा हाताची ऊब लागते. आपल्याकडे काहीच करावे लागले नाही. खिडकीतून येणाऱ्या हवेनेच तो तापत गेला आणि थोड्या वेळाने टेबलावर पडला. पुन्हा बर्फात घातला, पुन्हा चिकटला, पुन्हा पडला. शेजारी ठेवलेला लोखंडी खिळा बर्फात आणि चहाच्या गरम पाण्यातही चुंबकाला सोडायला तयार नव्हता. स्टेनलेसच्या चमच्याने दोन्हीकडे पाठ फिरवली.

रसायनशास्त्राच्या शिक्षकांचे तेवढ्यावर समाधान झाले नाही, आणि ते योग्यच होते. त्यांनी कानशीने चिमूटभर कीस काढला. जवळ बर्नर पेटलेला नाही याची खात्री करून, कारण दुर्मिळ मृदा धातूंचा बारीक कीस पटकन पेट घेतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात तो बुडबुडे सोडत विरघळला आणि द्रावण स्वच्छ, रंगहीन राहिले. लोखंड असते तर हिरवट झाक आली असती, स्टेनलेस स्टील असते तर त्यातल्या क्रोमियमने हिरवा रंग आणखी गडद केला असता. द्रावणाचा एक भाग हायड्रोजन पेरॉक्साइड घालून थायोसायनेटने तपासला. रक्तासारखा लाल रंग आला नाही, म्हणजे लोखंड नाही. दुसऱ्या भागात ऑक्झॅलिक आम्ल टाकताच पांढरा साका खाली बसला. दुर्मिळ मृदा धातूंची ही जुनी खूण.

पण ही खूण सगळ्या घराण्याची आहे. रंगहीन द्रावणामुळे जांभळट निओडिमियम, हिरवे प्रासिओडिमियम आणि गुलाबी अर्बियम बाद होतात. लँथेनम, यिट्रियम, ल्युटेशियम शिल्लक राहतातच. रसायनाने घराणे सांगितले, बर्फाने व्यक्ती ओळखली. या घराण्यात विसाच्या आसपास चुंबकत्व सोडणारा शुद्ध धातू दुसरा नाही.

बिलावरची टिपणी

कार्यालयातल्या बाईंचे दोन प्रश्न बाकी होते, आणि बिलावर सही करणाऱ्याला ते विचारायचा पूर्ण हक्क आहे. पहिला: हा धातू किरणोत्सारी तर नाही ना? केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूविषयी त्यांनी वाचले होते. त्या वाळूत दुर्मिळ मृदा धातूंबरोबर थोरियम असते आणि किरणोत्सार असतो तो मुख्यत्वे त्याचा. वेगळ्या काढून शुद्ध केलेल्या गॅडोलिनियमच्या तुकड्यापासून तशी भीती नाही.

दुसरा प्रश्न घरचा होता. त्यांच्या सासूबाईंना एमआरआयच्या आधी ‘कॉन्ट्रास्ट’चे इंजेक्शन दिले होते आणि कागदावर हेच नाव होते. विष नव्हे ना ते? उत्तर थोडे नाजूक आहे. त्या इंजेक्शनात काम करतात ते हेच सात सुटे इलेक्ट्रॉन. त्यांच्या सान्निध्यात शरीरातल्या पाण्याचे संदेश बदलतात आणि चित्र ठळक उमटते. सुटा गॅडोलिनियम आयन मात्र विषारी असतो, आकाराने कॅल्शियमच्या जवळपास असल्याने शरीरात त्याच्या जागी घुसू पाहतो. म्हणून औषधात तो एका मोठ्या रेणूच्या पिंजऱ्यात पक्का कोंडलेला असतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. मूत्रपिंडे फारच कमजोर असलेल्या काही रुग्णांत त्वचा घट्ट, कडक करणाऱ्या आजाराशी याचा संबंध २००६ पासून लक्षात आला, तेव्हापासून इंजेक्शनाआधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम सांगणारी रक्ततपासणी, पाहण्यावर भर आला. बाईंनी सासूबाईंचा रिपोर्ट आठवून पाहिला. ते तपासले होते.

बिल ३० मार्चला पास झाले. टिपणी माझ्याकडून लिहून घेतली गेली आणि ती मी मुद्दाम आखडती लिहिली: नमुना गॅडोलिनियम असल्याचे चाचण्यांवरून दिसते, लोखंड आढळले नाही, ९९.९ टक्के शुद्धतेच्या दाव्याची तपासणी झालेली नाही. शेवटच्या वाक्यावर मुख्याध्यापक जरा नाराज होते. अशा वाक्याने लेखापरीक्षकाचे कान टवकारतात असे त्यांचे म्हणणे. पण शुद्धतेची कसोटी बर्फाच्या पिशवीतून निघत नाही. त्यासाठी मोठे यंत्र लागते, आणि शाळेच्या शेल्फवर ठेवायच्या एका तुकड्यासाठी तो खटाटोप कुणी सुचवलाही नाही.

भौतिकशास्त्राच्या बाईंना त्यानंतर तुकड्याचा वेगळाच लोभ सुटला. गॅडोलिनियम चुंबकीय क्षेत्रात गेला की किंचित तापतो, बाहेर आला की निवतो, आणि हा परिणाम क्युरी तापमानापाशी सर्वांत जास्त असतो. १९७६ मध्ये अमेरिकेत ब्राऊन यांनी ७ टेस्लाच्या क्षेत्रात गॅडोलिनियम वापरून गार आणि गरम टोकांत ४७ अंशांचे अंतर पाडून दाखवले, वायू न दाबता चालणाऱ्या फ्रीजची ती सुरुवात. शाळेच्या चुंबकांवर हे तापमापकात दिसणार नाही, हे त्यांना सांगावे लागले. त्याऐवजी त्यांनी अकरावीच्या मुलांसाठी सोपा प्रयोग बसवला: पाणी दोन-दोन अंशांनी तापवत जायचे आणि तुकडा चुंबक कधी सोडतो ते नोंदायचे. मुलांच्या नोंदी एकमेकांशी जुळत नाहीत. तुकड्याचा गाभा आणि बीकरातले पाणी यांचे तापमान एक नसते, आणि चुंबक बदलला की सुटण्याचा बिंदूही सरकतो. बाई त्या न जुळणाऱ्या नोंदींवरच चर्चा घडवतात, आणि मला ती मूळ प्रयोगापेक्षा बरी वाटते.

जूनमध्ये पाऊस लागला तसा तुकड्याचा चकचकीतपणा गेला. कोरड्या हवेत हा धातू बऱ्यापैकी टिकतो, दमट हवेत त्यावर ऑक्साइडचा मळकट पांढरा थर चढतो. तो पापुद्र्यासारखा सुटतो आणि खालचा ताजा धातू पुन्हा हवेच्या तावडीत येतो. सहायकाने तो पुसून द्रव पॅराफिनच्या बाटलीत बुडवला आणि बाटली संगणक कक्षातल्या कपाटात नेऊन ठेवली. चिठ्ठीवर त्याने लिहिले आहे: ‘प्रयोगाच्या वेळी बर्फ लागतो.’

पुरवठादाराने पुढच्या वर्षीच्या दरपत्रकात ती ओळ बदलून पाठवली: ‘२० अंश सेल्सियसच्या खाली साध्या चुंबकाला चिकटतो.’ तापमान आले. साधा चुंबक म्हणजे किती जोराचा, ते अजून लिहिलेले नाही.